पलीकडच्या काठाला बांधलेली नाव

बाबांनी ती नाव बैलगाडीवर लादून आणली तेव्हा सगळी वस्ती बघायला जमली. पोरं धावत पुढे आली, पण म्हातारी माणसं लांबच उभी राहिली. शेजारची आजी नावेभोवती अर्धा फेरा मारून थांबली, वाकून बुडाकडे काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि नातवाला दंडाला धरून घरी घेऊन गेली. आमच्याकडे नवी वस्तू दारात आली की चार शब्द चांगले, चार वाईट ऐकायला मिळतातच. त्या दिवशी कोणी काहीच बोललं नाही.

आमचं गाव ढाणकीच्या पुढे, पैनगंगेच्या काठावर. पलीकडचा मुलूख पूर्वी निजामाचा. राज्य जाऊन बरीच वर्षं झाली तरी जुनी माणसं त्याला मोगलाईच म्हणत. बाबा पोरवयातच गावाबाहेर पडले, त्यांचं तरुणपण पुसदच्या एका जिनिंगमध्ये सुतारकाम करण्यात गेलं. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली आणि त्यानंतर काही वर्षांनी ते गावी परतले ते एक गोष्ट ठरवूनच. गावकीचं काम करायचं नाही. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, दवंडी द्यायची नाही. मी त्याच सुमारास शिक्षिका म्हणून गावच्या शाळेत लागले. पावसाळ्यात पलीकडची माणसं बाजाराला, दवाखान्याला लांबचा वळसा घेऊन जायची, नाहीतर जायचीच नाहीत. एवढ्या मोठ्या नदीकाठच्या गावात नाव कशी नाही, याचं बाबांना नवल वाटायचं. कोणाला विचारलं की उत्तर एकच, पूर्वी होती.

म्हणून बाबांनी नाव शोधली. ती त्यांना एका बंजारा तांड्यावर सापडली. तिथे तिची गव्हाण केली होती, बैल तिच्यात कडबा खात होते. लाकूड अस्सल सागवान. एक दुभती शेळी देऊन त्यांनी ती आणली, अंगणात पालथी घातली आणि जुनं डांबर खरवडायला घेतलं. शाळा सुटली की मीही हाताला पदर गुंडाळून त्यांच्याजवळ बसायची. पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या सांध्यांत ठोकलेला सणाचा धागा कुजला होता, तो काढायचं काम माझं.

बुडाच्या मधोमध ठिगळ निघालं. ताटाएवढं, चौकोनी, बाकीच्या फळ्यांहून वेगळ्या लाकडाचं. बाबांनी खिळे उपसून ते सोडवलं आणि बराच वेळ बोटांनी कडा चाचपत राहिले. दगडावर आपटून लाकूड फुटलं तर ते आत दबतं. इथे घाव आतून बाहेर गेलेले होते, एकाशेजारी एक. कोणीतरी नावेत उभं राहून कुऱ्हाडीने तिचं बूड फोडलं होतं.

माय चुलीपुढून उठून आली. तिने ते भोक पाहिलं आणि म्हणाली, "ही कोणाची होती हे समजल्याबिगर मी कोणाचं लेकरू हिच्यात बसू देणार नायी."

बाबा चिडले. भूतखेत, अपशकुन हे सगळं आपण सोडून आलो, असं म्हणाले.

"मी भुताचं नायी म्हणत," माय म्हणाली. "माणसाचं विचारून राह्यली."

रविवारी बाबा आणि मी तांड्यावर गेलो. तांड्याचा नाईक म्हातारा होता, बोलायला मोकळा. त्याने आम्हाला खाटेवर बसवलं, चहा दिला. पण नावेचा विषय निघताच त्याने घरातल्या सुनांना आत जायला सांगितलं. ती त्याने कधीच पाण्यात घातली नव्हती. खाली संगमाजवळ एक भोई राहतो, त्याने ती फुकट दिली होती, एकाच अटीवर: ढोरांना चारा घाला, पण हिला नदी दाखवू नका. शब्द दिला होता म्हणून त्याने पाळला. बाबांना विकताना मात्र त्याने हे सांगितलं नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा तो शेळी परत न्या म्हणून मागे लागला. बाबा नको म्हणाले, तर शेळीचं दावं त्याने माझ्याच हातात दिलं. तिला घेऊन आम्ही पुढे संगमाकडे चालू लागलो. 

भोई नदीच्या वाळूत टरबुजाच्या वाडीवर एकटा राहत होता. उन्हाने काळा पडलेला, हाडकुळा माणूस. बाबांनी गावाचं आणि आपलं नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला, जणू आम्ही त्याला न्यायलाच आलो होतो. मग पुन्हा बसला. त्याने सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मध्येच वेलांना पाणी घालायला जाऊन, परत येऊन.

नाव त्याच्या बापाने एका लाकडाच्या ठेकेदाराकडून घेतली होती. दोन पिढ्या तिने आमच्याच गावच्या घाटावरून माणसं नेली-आणली. मग निजामाच्या वेळी एका उन्हाळ्याच्या शेवटी पलीकडे पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाली. तिकडे दवाखाना नव्हता, माणसं नदीवर येऊन अलीकडे न्या म्हणून हाका मारू लागली. गावात बैठक बसली. रोग इकडे येऊ द्यायचा नाही. नाव वर ओढून ठेवतो, असं तो म्हणाला, पण गावाला त्याचा भरवसा नव्हता. त्याची लेक पलीकडे दिलेली होती. म्हणून कुऱ्हाड त्याच्याच हातात दिली आणि सगळं गाव भोवती उभं राहिलं.

"म्या फोडली," तो म्हणाला. "नायी फोडली असती तर मले फोडलं असतं, हे मी मनाशी रोज म्हणतो. माही पोरगी काठावर येऊन उभी राहे. हात करे. मंग एक दिवस नायी आली."

बाबांनी विचारलं, माणसं पोहून का आली नाहीत. तो म्हणाला, तोवर वर कुठे पाऊस होऊन नदीला पाणी आलं होतं. शिवाय घाटावर काठ्या घेऊन माणसं बसवली होती. कोणी घाटावर जाऊ नये अशी दवंडी दिली होती.

"कोणं देल्ली दवंडी?"

भोयाने मान खाली घातली. "तुह्या मोठ्या भावानं, बापा. त्याचा तरी काय इलाज होता?"

माझे मोठेबाबा मी शाळेत शिकत असतानाच वारले होते.  रोग सरल्यावर भोयाने नावेला ठिगळ लावलं, गाव सोडलं आणि ती वाहत्या पाण्याने इथवर आणली. त्यानंतर तिच्यात बसला नाही.

परतताना गावाच्या शिवेवर आम्हाला पाच-सहा माणसं भेटली. कुठे गेलो होतो ते त्यांना माहीत होतं. त्यातला एक मला बाई म्हणून नमस्कार करणारा, त्याची मुलगी माझ्या वर्गात. तो नम्रपणेच बोलला. ती नाव जाळायला कामाची आहे, गुरुजनांनी जुन्या गोष्टी कशाला उकराव्यात, असं म्हणाला.  त्या दिवसापासून आमच्या घरासमोरून जाणारा माणूस पावलं हळू करायचा आणि अंगणात बघून जायचा. माय नावेशेजारी खाट टाकून झोपू लागली.

बाबांनी काम थांबवलं नाही. नवी फळी बसवली, सण ठोकला, डांबर फासलं. पण पाण्यात घालण्याआधी ते एकटेच लांबच्या पुलावरून वळसा घेऊन पलीकडच्या गावात गेले आणि तिथल्या लोकांना सगळं सांगितलं. भावाने दवंडी दिली होती तेही. मी विचारलं, लोक काय म्हणाले. ते म्हणाले, ऐकत होते.

पहिल्या खेपेला मी त्यांच्याबरोबर होते. अलीकडच्या घाटावर माणसं मुकाट उभी, पलीकडच्याही. नाव पलीकडे टेकली तशी एक पोक्त बाई पाण्यात उतरली. पटकीत तिचा नवरा आणि दोन दीर गेले होते. तिने आत वाकून नव्या फळीवर तळवा ठेवला, दाबून पाहिलं.

"चांगली केली," ती म्हणाली. "हे सांग, दिवस बुडाल्यावर ही कोणत्या काठाले राहीन?"

बाबांनी आमच्या घाटाकडे पाहिलं. तिथली माणसं अजून उभीच होती.

"तुमच्या," ते म्हणाले.

मग बाबा मुक्कामालाही तिकडेच राहू लागले. त्या पोक्त बाईच्याच गोठ्याशेजारी त्यांनी एक छपरी घातली. सकाळी पहिल्या खेपेला यायचे, जेवायचे, संध्याकाळी परत जायचे. नावेत बसायला आमच्या गावची माणसं आधी कचरली, मग बाजाराच्या गरजेने बसू लागली. नावेत कोणी कोणाशी बोलत नसे.

एका वर्षी पहिल्या पावसाने नदीला पाणी आलं आणि बातमी आली की पलीकडे जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्या दुपारी घाटावर पुन्हा गर्दी. मी शाळा सोडून धावत गेले. माय आधीच पोहोचली होती. शिवेवर भेटलेला तो माणूस तिच्यापुढे उभा होता आणि त्याच्या हातात कुऱ्हाड होती. लाकूड तोडायला निघालो होतो, असं त्याने मला पाहून सांगितलं. माझ्याशी तो तेव्हाही नम्रपणेच बोलला. त्याने मायला विचारलं, नाव कुठे आहे. माय म्हणाली, पलीकडे. केव्हा येईल? ती म्हणाली, मला माहीत नाही. माणसं ऊन कलेपर्यंत थांबली. पलीकडे नाव दिसत होती, बांधलेली. बाबा दिसत नव्हते.

ते आमच्या घाटाला आलेच नाहीत. आजाऱ्यांना घेऊन ते प्रवाहाबरोबर खाली जात, दूर आडबाजूला अलीकडच्या काठाला नाव लावत आणि तिथून बैलगाडीने माणसं दवाखान्यात नेत. बरीच माणसं वाचली, एक म्हातारा वाटेतच गेला. इकडे दुकानदाराने आम्हाला मीठ देणं बंद केलं. शाळेत मुलं येईनाशी झाली. मायचं घराबाहेर पडणं अवघड झालं, आणि रोग आमच्या गावात आलाच नाही तरी ते तसंच चालू राहिलं.

शेवटी मी बदली मागून घेतली आणि आम्ही पलीकडे राहायला गेलो. शेळी, भांडी आणि मायची खाट, सगळं नावेतूनच नेलं. पुढे रोगाची भीती विसरली तशी गावची माणसं कामानिमित्त आमच्याकडे येऊ लागली. माय त्यांना चहा करून द्यायची, लेकीबाळींची चौकशी करायची. त्या दुपारी घाटावर कोण कोण होतं, हे तिने कधी कोणाला विचारलं नाही. मी मात्र दाराशी आलेल्या प्रत्येकाच्या हातांकडे आधी बघायची, आणि ती सवय माझी पुढे गेलीच नाही.