टायरमधली हवा आणि आमचे मामा

आमच्या घरात रविवारचा चहा गाडीच्या टायरची हवा बघून झाल्याशिवाय होत नसे. हे खातं माझ्या सासऱ्यांचं. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा बीडकडून इकडे आले आणि भोसरीच्या एका कंपनीत कॉम्प्रेसरवर काम करून रिटायर झाले. म्हणजे जन्मभर त्यांनी हवाच सांभाळली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं तेव्हा स्टिअरिंग त्यांनी निमूट सोडलं, टायर मात्र सोडले नाहीत.

पिंपळे गुरवची आमची सोसायटी अजून पांघरुणात असायची, तेव्हा मामा पायपंप घेऊन पार्किंगमध्ये हजर. हवा बघायची ती गाडी हलायच्या आत, कारण धावून तापलेला टायर खोटं बोलतो, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. व्हॉल्व्हची टोपी शर्टाच्या खिशात, आणि काटा वाचण्याआधी गेजच्या काचेवर नखाने टकटक. कंपनीत अडकलेला काटा असाच मोकळा करायचे म्हणे.

मग आम्ही नवी गाडी घेतली. हिच्या स्क्रीनवर चारही चाकांची हवा आपोआप दिसते. मामा पुढच्या सीटवर बसले, आकडे वाचायला वाकले आणि सवयीने स्क्रीनवर टकटक केली. गाडीने तडक माझ्या चाकणच्या कंपनीतल्या मॅनेजरला फोन लावला. तोही सुट्टीच्या दिवशी! मी "चुकून लागला सर" म्हणत सावरलं आणि मग पोट धरून हसले. नवरा मात्र वैतागला.

"बाबा, आता कशालाच हात लावू नका. सगळं स्क्रीनवर दिसतं."

पुढच्या रविवारी पायपंप बाल्कनीत आणि मामा सोफ्यावर, बंद टीव्हीसमोर. मला नवऱ्याचा असा राग आला, की त्याचा चहा मी ओट्यावरच गार होऊ दिला.

मग मीच एक उद्योग केला. शनिवारी कंपनीतून आल्यावर पेनाच्या टोकाने मागच्या टायरची हवा सोडली. सकाळी गाडी सुरू केली, तर स्क्रीनवर पिवळा दिवा.

"मामा, हवा कमी दाखवतंय, जरा बघता का?"

मामा चपला न घालताच निघाले. पुढचे काही रविवार मजेत गेले. "नवे टायर आहेत, बसायला वेळ लागतो," असं मी नवऱ्याला ठोकून दिलं आणि त्या बिचाऱ्याने ते मानलंही.

एका शनिवारी मी टायरपाशी वाकून पेन काढलं, तर मागे मामा उभे.

"माय, पुरं आता. व्हॉल्व्ह खराब करशील."

मी खजील. "कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. टोपी येवढी आवळून मी लावतो का?"

त्यांनी डिकी उघडली, खालचं कार्पेट उचललं. तिथे स्टेपनी होती.

"हिची हवा दिसती का तुमच्या स्क्रीनवर?"

"नाही."

"मंग? नुसती पडून हाय म्हणून हिला कुणी इचारायचंच न्हाई?"

माझे डोळे भरून आले. मामांचं लक्ष नव्हतं. त्यांनी खिशातून गेज काढून स्टेपनीला लावलं, काचेवर नखाने टकटक केली आणि काटा बघून त्यांचा चेहरा खुलला.

"उतरलीय," ते म्हणाले. "जा, पंप आण."