मिरचीला नळजोडणी

नंदुरबार स्टेशन यायच्या आधीच मला शिंका सुरू झाल्या. डब्यातली बाकी मंडळी निवांत होती. समोरचे आजोबा म्हणाले, "पहिल्यांदाच येताय वाटतं." मी रुमालातूनच मान हलवली.

खरं तर हे गाव मला तोंडपाठ होतं, फक्त वरून. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी नकाशे काढतो. उपग्रहाच्या फोटोवरून गावातलं एकेक घर, रस्ता, गटार संगणकावर आखायचं, आणि त्या नकाशावर बोट ठेवून नगरपालिका नळ, दिवे, घरपट्टी ठरवणार. गावाच्या कडेला मला तांबड्या कौलांची एक सुबक वसाहत सापडली होती. सगळं चौकोनी, ओळीत. असली शिस्त मी पुण्यातही पाहिली नव्हती. मी ती प्रेमाने आखली, साहेबांची शाबासकी घेतली, आणि पाण्याच्या नव्या लाइनीचा एक फाटा तिकडे वळवायचं ठरत आलं. मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या बैठकीत ते पक्कं होणार होतं. त्याआधी घरं जागेवर जाऊन तपासायला मला धाडलं होतं.

रिक्षातून उतरलो. हातातल्या जीपीएस यंत्राच्या मते मी पहिल्या घराच्या दारात उभा होतो. प्रत्यक्षात मी मिरचीत उभा होतो.

समोर पथारी (मिरच्या वाळवायचं मोकळं मैदान) पसरली होती. चौकोनी ढीग, ओळीत. माझी तांबडी कौलं उन्हात वाळत होती आणि कडेला बायका बसून खराब मिरच्या निवडत होत्या.

"काय शोधी ऱ्हायना रे भाऊ?" (काय शोधतोयस?) एकीने विचारलं. तिचं नाव कमलबाई.

"घरं," मी म्हणालो आणि शिंकलो.

"आठे कोनी ऱ्हास नही. आठे मिरची ऱ्हास." (इथे कुणी राहत नाही, मिरची राहते.)

मी नकाशा दाखवला, नळाचं सांगितलं. बायकांच्या हसण्यात पुढची चौकशी बुडाली. "मिरचीले नळ! पानी लागनं ते सडी जाई ना ती!"

गलका ऐकून पथारीचे मालक पारसशेठ आले. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथे आले, शेठ मात्र पक्के इथले. त्यांनी शांतपणे नकाशा पाहिला. "पुसू नका हो साहेब. पुढे-मागे गाळे काढायचेच आहेत. नळ येऊ द्या, घरपट्टी तेवढी पुसा!"

खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. माझी लाज झाकायला गिऱ्हाईक आपणहून आलं होतं.

तेवढ्यात कमलबाई म्हणाली, "मंग मन्हं घर दाखव." (मग माझं घर दाखव.) पथारीच्या मागे निंबाच्या झाडांखाली तिची गल्ली होती. मी नकाशा सरकवला. तिथे मी हिरवा रंग भरला होता आणि वर लिहिलं होतं 'झाडी'. खालची छपरं फांद्यांनी झाकली होती, आणि खाली वाकून बघायचं तर मी पुण्यात होतो.

"नही का?" तिने विचारलं. आता कुणी हसत नव्हतं.

तिने मला घरी नेऊन कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. ठेच्याने माझे कान तापले. तीन पेले पाणी घटाघटा प्यायलो, तेव्हा ती हंडा उचलून बाहेर निघाली. हातपंप हमरस्त्यापलीकडे होता.

पारसशेठच्या गाळ्यांचा विचार तिथेच सुटला. दुपारभर मी त्या गल्लीतलं प्रत्येक घर चालत मोजलं. यंत्र झाडाखाली रुसायचं, मग टेप लावायचा. कमलबाई पुढे होऊन हाका मारायची. एकाने शेळ्यांचा गोठाही घालायला लावला. मिरचीला घर दिलेला माणूस शेळीला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. मुख्याधिकारी मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे आपण मिरचीला नळ देणार होतो?"

"हो मॅडम."

"आणि माणसांना?"

"झाडी."

सभागृहात जे हसू फुटलं ते खालच्या चहावाल्यापर्यंत गेलं असावं. पण पाण्याचा फाटा निंबाखाली वळला. जाताना इंजिनिअर माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "आता केळीच्या बागा दाखवून ठेवतो तुम्हाला, नाहीतर तिथे बसस्टँड काढाल!"

पुण्यात आल्यावर खुर्ची तीच मिळाली, पण वरून दिसणाऱ्या हिरव्या रंगावरचा माझा विश्वास उडाला. बाग दिसली की फोन करून विचारतो, खाली कोण राहतं. कंपनीत मला त्यावरून चिडवतात.

कमलबाईकडे माझा नंबर होता. अधूनमधून तिचा फोन यायचा. "भाऊ, मन्हं घर शे ना तठे?" आहे ना अजून तिथे? नळ कागदावरच होता, म्हणून कागद तरी शाबूत आहे ना, एवढं तिला कळायला हवं असायचं. मी खरोखर नकाशा उघडायचो, बघायचो आणि सांगायचो, "शे, मावशी."

मध्ये बरेच दिवस तिचा फोन आला नाही, म्हणून परवा मीच केला. पलीकडे धडधड चालली होती.

"मावशी, घर आहे बरं का नकाशावर!"

"आते ठेव रे भाऊ," ती ओरडली, "दारम्होरे खंदी ऱ्हायनात!" (दारासमोर खोदतायत!)

आणि तिने फोन ठेवून दिला.