डाव्या सीटपुढची झिजलेली मॅट

चूक माझी होती. गाडीच्या मागच्या डाव्या चाकाला, आतल्या बाजूनं, ब्रेकमधली हवा काढायचा एक बारीक स्क्रू असतो. तो मी नीट आवळला नाही. आणि ती चूक मी माझ्या बायकोच्या पायावर ढकलली. स्क्रू सैल राहणं कुणाच्याही हातून होतं. त्यानंतर जे केलं ते मात्र मी पूर्ण शुद्धीत, विचार करून केलं.

गाडी अजून आमच्याकडेच आहे. पांढरी, लहान, कार्बोरेटरवाली. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर असतं, कुठंही हात पोचतो. प्लग साफ करणं, क्लचची केबल बदलणं, पंख्याचा पट्टा ताणणं, सगळं मी घरासमोरच्या कडुनिंबाखाली करतो. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत माझी थट्टा ठरलेली असायची. "साहेब, गाडी चालवायला घेतली का खाली झोपायला?" मला त्या थट्टेचाही अभिमान वाटायचा. मोंढ्याजवळच्या दुकानातून सुटा भाग आणायचा आणि स्वतः बसवायचा. गॅरेजवाल्याचा हात तिला लागू द्यायचा नाही. गाडीत काय बिघडलं आणि काय दुरुस्त झालं, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नसायचं.

एक काम मात्र एकट्यानं नीट होत नसे. ब्रेकचं काही उघडलं की नळीत हवा शिरते. ती काढायला एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी आडवं होऊन स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. मग स्क्रू आवळायचा आणि पेडल सोडायला सांगायचं. पेडलवर नेहमी बायकोच असायची. ती मला दिसायची नाही, फक्त आवाज यायचा.

"दाब."

"दाबलं."

"धर… सोड."

आमच्या संसारातला सगळ्यात शांत संवाद हाच असेल.

त्या रविवारी शेवटच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकाचं काम उरकत आलं होतं. ती आतून म्हणाली, "अहो, पेडल जरा खाली जातंय का?"

"काही नाही जात. तुझा पायच हलका आहे."

"मी रोज चालवते ही गाडी. मला कळतं ना."

"बरं, झालं. उतर आता."

मी स्क्रूला परत हात लावला नाही. ती गंगापूर रस्त्यावरच्या शाळेत शिकवायची, रोज गाडी घेऊन जायची, आणि चालवायची माझ्यापेक्षा चांगली. हे मला सलत होतं का? असावं. नाहीतर तिचं ऐकून पाना पुन्हा उचलायला असा कितीसा वेळ लागला असता?

तेल हळूहळू झिरपत राहिलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती आणि तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खुलताबादकडे एका बारशाला गेल्या. परत येताना दौलताबादच्या घाटात, उतारावर, पेडल खाली गेलं ते गेलंच. समोर माणसांनी भरलेली जीप होती. बायकोनं गाडी डावीकडे वळवून दरडीला घातली. तिला खरचटलं. सासूबाईंचा गुडघा डॅशबोर्डवर आपटून फुटला.

मी पोचलो तेव्हा सासूबाईंना दवाखान्यात हलवलं होतं. बायको बॉनेटवर हात ठेवून उभी होती. "अहो, ब्रेक लागलाच नाही. मी दाबत होते, दाबत होते, पेडल नुसतं खाली जात होतं."

मी गाडीला वळसा घातला आणि वाकून पाहिलं. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू तेलानं ओली होती. तिथंच सगळं कळलं मला. मी उठलो आणि म्हणालो, "बघतो घरी नेऊन."

गाडी ओढून घरी आणली. संध्याकाळी घरचे सगळे दवाखान्यात होते. मी स्क्रू आवळला, चाक चिंधीनं पुसलं, तेल भरलं. हवा काढायला पेडलवर कुणी नव्हतं आणि कुणी असून चालणारही नव्हतं. एकट्यानं करायची एक रीत आहे: स्क्रू सैल सोडायचा आणि तेल आपोआप ठिबकू द्यायचं. वेळ फार लागतो. त्या रीतीनं मी आयुष्यात एकदाच हवा काढली. ठिबकणाऱ्या तेलाकडे बघत बसलो होतो. खरं सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. गाडी गॅरेजमध्ये गेली असती तर कुणीतरी म्हणालं असतं, साहेब, हा स्क्रू सैल होता. माझी गाडी गॅरेजमध्ये जात नव्हती.

सकाळी मेहुणा गंगापूरहून आला. बायकोचा धाकटा भाऊ. चेपलेल्या गाडीत बसून त्यानं पेडल दाबलं.

"दाजी, ब्रेक तर दगडावानी लागतोय."

"हो."

"मंग झालं काय?"

मी म्हणालो, "पाय चुकला असेल तिचा. घाबरून क्लच दाबला असेल."

बायको दवाखान्यात न्यायचा डबा घेऊन दारात उभी होती. "मी ब्रेकच दाबला होता," ती म्हणाली.

"ताई, लई जणांचं व्हतं आसं," मेहुणा हसत म्हणाला. "आमच्याकडं एकानं ब्रेक समजून ॲक्सिलेटर दाबला अन् गाडी गेली म्हशीच्या गोठ्यात. म्हैस तवापासून आटली ती आटलीच."

मीही हसलो. बायको हसली नाही. ती खाली, आपल्या उजव्या पायाकडे बघत होती.

दवाखान्यात सासूबाईंना मेहुण्यानंच सांगितलं. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "आसू दे गं बाई. चुकतो पाय मान्साचा. तू काय मुद्दाम केलं व्हय?" बायको त्यांच्या प्लास्टरवर कपाळ टेकून रडली. मी शेजारी चहाचा थर्मास धरून उभा होतो.

काही दिवस ती म्हणत राहिली, ब्रेकच दाबला होता. मग म्हणायला लागली, कोण जाणे. आणि एकदा भाजी निवडताना म्हणाली, "क्लचच दाबला असेल हो मी. आता आठवायला गेलं की मला क्लचच आठवतो." मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. तिच्या डोक्यातली खरी आठवण मी पुसली होती, चाक पुसलं तशी.

तिनं पुन्हा गाडी चालवली नाही. शाळेत काळीपिवळी जीपनं जायला लागली. सासूबाई काठी घेऊन चालू लागल्या. त्या आमच्याकडे आल्या की त्यांच्या आधी काठी घरात यायची, टक, टक. बायको हातातलं काम टाकून त्यांना धरायला धावायची.

माझ्या शेजारी बसलेली असताना उतार आला किंवा समोर कुणी आडवं आलं, की तिचा उजवा पाय खाली दाबला जायचा. तिला कळतही नसे. डाव्या सीटपुढची रबरी मॅट त्या जागी झिजत गेली आणि मग तिथं भोक पडलं. मी गाडीचे कितीतरी भाग बदलले. ती मॅट बदलायला हात धजेना.

पुढं पुढं मी एकटा असलो तरी उतारावर डावीकडून आवाज यायला लागला. रबर दाबल्यासारखा, बारीक. मी सीटचे बोल्ट तपासले, दाराची रबरं बदलली, सीट काढून खालचा पत्रा ठोकून पाहिला. काही सैल नव्हतं. गाडीतला कुठलाही आवाज शोधून काढणारा माणूस मी, पण तो आवाज मला सापडला नाही. दौलताबादच्या घाटात तो फार स्पष्ट येतो. तिथं मी शेजारच्या सीटकडे बघत नाही.

सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. शेवटच्या दिवसांत त्या लेकीला म्हणाल्या, "माज्या गुडघ्याचं मनाला लावून घेऊ नको. म्या कवाच सोडून दिलं." लेकीनं न केलेल्या गोष्टीची माफी देऊन त्या गेल्या. मी तेव्हाही शेजारी उभा राहून ऐकत होतो.

या उन्हाळ्यात आता कॉलेजात गेलेली आमची मुलगी म्हणाली, मला याच गाडीवर शिकायचंय. साधी गाडी आहे, बाबा शिकवतील.

"नको," बायको म्हणाली.

"का पण?"

"माझ्यावर गेलीस तू. तुझाही पाय चुकेल."

मुलगी चिडून आत गेली. मी ब्रेकचं रबर बदलत होतो. बायको नेहमीसारखी पेडलवर येऊन बसली. त्या सीटवर ती आता एवढ्यापुरतीच बसते. मी मागच्या डाव्या चाकापाशी आडवा झालो.

"दाब."

"दाबलं."

"धर," मी म्हणालो आणि स्क्रू सैल केला. तेल यायला लागलं. "त्या दिवशी हा स्क्रू सैल होता. मी आवळला नव्हता. तू ब्रेकच दाबला होतास. मला घाटातच कळलं होतं."

तेल यायचं थांबलं; तिचा पाय तळाला टेकला होता. मग ती म्हणाली, "स्क्रू आधी आवळा."

मी आवळला. तिनं पेडल सोडलं, उतरली आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"भावाला?"

"नाही."

"आईला तेल लावताना दर वेळी मी त्या गुडघ्याची माफी मागायचे," ती म्हणाली. "तुम्ही ऐकत होता." मग म्हणाली, "हे मला गाडीखालून सांगू नका. ज्याच्यासमोर माझा पाय चुकला म्हणालात, त्याच्यासमोर सांगा."

पुढच्या रविवारी आम्ही गंगापूरला गेलो. मी चालवत होतो. वाटेत ट्रक आडवा आला तेव्हा तिचा पाय मॅटच्या भोकावर दाबला गेला. खरं कळूनही तो थांबला नव्हता.

मेहुण्याच्या ओसरीत सासूबाईंची काठी अजून खुंटीला आहे. चहा आला. मी कप खाली ठेवला. हसायला तयार असलेला मेहुण्याचा चेहरा माझ्याकडे बघून उतरला. बायको माझ्यासमोर बसली होती. मी दोघांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुझा पाय चुकला नव्हता. हात माझा चुकला, ब्रेकचा स्क्रू सैल राहिला, आणि मी खोटं बोललो. तुझ्या आईलाही ते खोटंच सोबत घेऊन जावं लागलं. मला माफ कर."