नाहूरच्या खोलीतला प्रयोग

ट्रॅव्हल्सची गाडी सुटायला आली होती आणि मावशी खिडकीखाली उभी होती. तिची मुलगी करुणा माझ्या शेजारी बसली होती, मोबाईलमध्ये मान घालून. मावशीने खिडकीतून हात आत घालून माझं मनगट धरलं. "ते पोरगी काही सांगत नाही कोणाले. तुलेच पाहा लागते, सुजाता." करुणाने पडदा ओढला. मावशीचा हात पडद्याच्या आत तसाच राहिला, गाडी हलेपर्यंत.

करुणा आठवीत असताना तिला टाइप वन डायबेटिस झाला. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, रोज टोचून घ्यावं लागतं. आमचं गाव वाशीमकडचं. वस्तीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी लांबून ओरडायचं, "तिला जिलबी वाढू नका रे." दोन स्थळं बोलणी करून मागे फिरली. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि एकच शब्द म्हणायच्या, बिचारी. मी नोकरीसाठी मुंबईला निघाले होते. करुणा या शब्दापासून लांब जायला निघाली होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

गाव सोडलेल्या सगळ्यांना हे ठाऊक असेल. तिथे आपल्याला सगळे ओळखतात म्हणून जीव घुसमटतो. इथे कुणी ओळखत नाही, तर आधी मोकळं वाटतं आणि मग भीती वाटते. मुंबईत नाहूरला जुन्या सोसायटीत आम्हाला वन रूम किचन मिळालं. मालकीण परबकाकू शेजारीच राहायच्या. त्यांनी फ्रीजमधली इन्सुलिनची पेनं पाहिली तेव्हा करुणाने बिनदिक्कत सांगितलं, "व्हिटॅमिनची आहेत." मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

मी घाटकोपरला म्युच्युअल फंडाच्या एका ऑफिसात ग्राहकांचे फोन घेते. करुणा मुलुंडला चष्म्याच्या शोरूममध्ये लागली. संध्याकाळी मी लायब्ररीतली कादंबरी घेऊन बसायचे. ती हसायची. "खोट्या माणसांची खरी रडगाणी वाचून तुला मिळतं काय गं?" ती वाचायची स्वतःला घडवण्याची पुस्तकं. पहाटे उठायची, गार पाण्याने अंघोळ, श्वासाचे व्यायाम, आरशासमोर इंग्रजी. त्याचा तिला फायदा झाला, हे मान्य करायला हवं. मान खाली घालून बोलणारी मुलगी वर्षभरात शोरूमची फ्लोअर इनचार्ज झाली.

मग तिने एका सरांची ऑनलाइन बॅच लावली. सरांचा आवाज गोड होता. आजार ही मनाची सवय आहे, सवय मोडता येते, असं ते सांगायचे. करुणाने आधी भात सोडला, मग पोळी. बारीक झाली. शोरूममधल्या मुली विचारायला लागल्या, "यार, काय करतेस तू? एकदम झकास दिसतेस." ती खूश. मला मात्र वेगळं दिसत होतं. उशाशी पाण्याच्या बाटल्या वाढल्या होत्या, आणि जिना चढून आली की ती भिंतीला टेकून उभी राहायची.

एका संध्याकाळी फ्रीज पुसताना मी इन्सुलिनचा खोका उचलला. सील शाबूत होतं. तो तर केव्हाच उघडायला हवा होता.

"करुणा, हे काय आहे?"

"कमी करत आणलंय. या आठवड्यात पूर्ण बंद करणार."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर काय, जन्मभर घ्याच म्हणणार. त्यांचं दुकान आहे ते."

"आणि शुगर? तपासतेस?"

"आकडे बघितले की भीती वाटते. भीतीनेच शुगर वाढते."

मी विज्ञान सांगायला लागले. पेशींना साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळतं, रक्तात आम्ल साठतं, माणूस त्यात जातो. बीएस्सीला शिकलेलं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं तुझं? आईसारखी बोलतेस अगदी."

मी हरले होते. माझ्याकडे फक्त रसायनशास्त्र होतं. सरांकडे गोष्ट होती, आणि त्या गोष्टीत करुणा नायिका होती. एवढ्या कादंबऱ्या वाचून गोष्टीची ही ताकद मला माहीत असायला हवी होती. चांगली सांगितलेली गोष्ट खरी असावीच लागत नाही.

मग मी माझ्या कामातलं बोलले. "आमच्याकडे लोक पडत चाललेला फंड धरून बसतात. वाढेल, वाढेल म्हणत. का माहितीये? कुठे थांबायचं ते घेताना ठरवलेलं नसतं. तू प्रयोग करतेयस ना? मग काय झालं तर तो फसला म्हणायचं, ते आत्ता सांग. शुद्धीत असताना."

तिने माझ्या हातातला खोका घेऊन फ्रीजमध्ये ठेवला. मग म्हणाली, "उलटी झाली तर. उलटी झाली तर मी तुझ्याबरोबर येईन, वाद घालणार नाही. पण आईला फोन नाही करायचा."

"मावशीने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आणि रविवारपर्यंत तू डॉक्टरकडे आली नाहीस तर मीच फोन करेन."

"कर," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर घरात आम्ही अनोळखी भाडेकरूंसारख्या वावरलो. मावशीचा फोन वाजला की दोघींच्या हातातलं काम थांबायचं. मी ऑफिसात दुसऱ्यांना धीर धरा, घाबरून विकू नका असं सांगायचे आणि माझं लक्ष मोबाईलवर असायचं. रोज वाटायचं, आत्ताच ओढून न्यावं. पण ओढून नेलं असतं तर ती पुन्हा मला न सांगता बंद करणार, याची खात्री होती. योग्य केलं की नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

शनिवारी सकाळी बाथरूममधून उलटीचा आवाज आला. करुणा बाहेर आली तेव्हा तिचे ओठ कोरडे पडले होते आणि तोंडाला सडलेल्या फळांसारखा वास येत होता.

"चल," मी म्हटलं.

"ॲसिडिटी आहे. उपाशी होते म्हणून."

"ठरलं होतं आपलं."

"सर म्हणाले होते असं होईल. विष बाहेर पडतं." ती पलंगावर कलंडली. तिचा श्वास खोल आणि जोरात चालला होता, पळून आल्यासारखा. मी तिला उठवायला गेले तर तिने मला ढकललं. त्या अंगात तेवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

मी दार उघडून परबकाकूंना हाक मारली आणि जिन्यातच सगळं सांगून टाकलं. काकू बाहेर निघाल्या होत्या, त्यांनी कोयंड्याला अडकवलेलं कुलूप तसंच सोडलं. "माका आधी कित्याक सांगूक नाय?" एवढंच म्हणाल्या आणि आत आल्या. त्यांनी उपदेश केला नाही. करुणाच्या पायात चप्पल सरकवली, खांद्याखाली हात घातला. "उठ गो बाय. भांडान मागसून कर, आधी चल."

रिक्षात करुणाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मुलुंडच्या हॉस्पिटलपर्यंत काकू तिच्याशी बोलत राहिल्या, सावंतवाडीच्या आपल्या बहिणीबद्दल, कशाहीबद्दल. करुणा उत्तर द्यायची थांबली तेव्हा काकूंचा आवाज चढला. मी मावशीला फोन लावला.

हॉस्पिटलमध्ये तिला थेट आयसीयूत नेलं. सलाईन, इन्सुलिन. "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर कठीण होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मावशी आली. मला वाटलं ती मला बोलेल. ती काचेतून लेकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "इतकी वाळली माही पोरगी, अन् फोनवर नुसती हसे."

वॉर्डात आणल्यावर करुणा माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं: "त्या सरांनी मला एकदाही बिचारी म्हटलं नाही, सुजा." मी तिच्या पायावर चादर ओढली.

मावशी तिला गावी घेऊन गेली. मला वाटलं, आता ती परत येत नाही. शोरूमने जागा धरून ठेवली होती. मी तिला फोनवर सांगितलं, तर ती "बघू" म्हणाली. काकू रोज विचारायच्या आणि मी रोज "बघू" म्हणायचे. स्वतःला घडवण्याच्या तिच्या पुस्तकांपैकी एक मी त्या दिवसांत वाचलं. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त त्यातला माणूस एकटाच होता. त्याला शेजारी नव्हते.

दोन महिन्यांनी ती आली, एकटी, उतरत्या उन्हात बॅग ओढत. काकू दारात होत्या. करुणा थांबली. "काकू, मला डायबेटिस आहे. व्हिटॅमिन नाही ते."

"म्हायत आसा माका," काकू म्हणाल्या. "जेवान झाला?"

आत आल्यावर तिने माझ्यादेखत शुगर तपासली, इन्सुलिन घेतलं आणि मावशीला फोन लावला. "आई, घरी पोचले."

फोन स्पीकरवर होता, गावाकडच्या आमच्या बुद्धविहारातली संध्याकाळच्या वंदनेच्या तयारीची गडबड मागे ऐकू येत होती. नाहूरच्या खोलीला करुणा घर म्हणाली होती; कुठलं घर, असं मावशी विचारेल असं मला वाटलं.

"बरं झालं," मावशी म्हणाली. "आता निजून राह्य थोडी."