कुरोसेकाकांचा युकाता

जपानमधल्या बेप्पू गावी गरम झऱ्यांशेजारी एक जुनं अतिथिगृह होतं. तिथे पाहुण्यांचे युकाता, म्हणजे अंगावर घालायचे सैल सुती झगे, धुण्याचं काम तोकिएबाईंकडे होतं. कपडा खडखडीत वाळवायचा, गार झाल्यावरच घडी घालायची आणि कपाटात लवंग-चंदनाची पुरचुंडी ठेवायची, ही त्यांची रीत. तरी दमट हवेत वास लवकर उडे. म्हणून त्या वर्षी त्यांनी पुरचुंड्या काढल्या आणि धुताना पाण्यात नवं सुगंधी द्रव्य घातलं. घमघमाट महिनाभर टिकला, तशा त्या हरखल्या.

पानं लाल झाली आणि दरवर्षीसारखे कुरोसेकाका आले. त्यांना दिसत नसे. त्यांनी युकाता नाकाशी धरून विचारलं, "तोकिएबाई काम सोडून गेल्या का हो?"

"अहो काका, मी समोरच उभी आहे! वास आवडला नाही वाटतं?"

"छान आहे की. पण हे कपाट उघडलं की आमची ही म्हणायची, 'आलो बरं का आपण!' ती गेल्यावर त्या वासासाठीच यायचो."

तोकिएबाईंनी धावत जाऊन एक जुनी पुरचुंडी शोधून आणली, पण तिचा वास केव्हाच उडाला होता. काका दुसऱ्या दिवशी गेले, ते पुन्हा आले नाहीत. निदान एक युकाता तरी जुन्या रीतीनं ठेवायला हवा होता, असं तोकिएबाई पुढे कितीदा तरी म्हणत.