आण्णांचा हात चुकला नव्हता

चाकणच्या एका स्पेअर पार्टवाल्याने माझ्या थोरल्या भावाच्या, आण्णांच्या गळ्यात खराब वॉटर पंप मारला आणि गळतीचं खापर त्यांच्याच हातावर फोडलं. आण्णांना जाऊन महिना होऊन गेला. झोपेत गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे.

आमच्या शेताच्या दोन्ही अंगांना आता कंपन्यांच्या भिंती आहेत. मधल्या पट्ट्यात आण्णा कांदा लावायचे. मी तरुणपणीच भोसरी गाठली, लेथवर उभा राहिलो आणि भांडत भांडत स्वतःचं वर्कशॉप काढलं. आण्णा वडिलांच्या ट्रॅक्टरपाशी राहिले. त्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कुणाचा पाना लागला नाही. जोडातलं पॅकिंगसुद्धा ते जाड कागदाचं स्वतः कापायचे. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे. गावात कुणाचं इंजिन उघडलं की आधी आण्णांना बोलावणं जायचं.

यंदा ट्रॅक्टरचा जुना पंप गळायला लागला, तेव्हा नवा आणायला ते एकटेच गेले. मला का नाही नेलं, असं विचारलं तर म्हणाले, "तू आलास की दुकानात भांडण व्हतं. मला पंप पायजे हुता, भांडण न्हाई." आणि हसले... पंप बसवला, तर जोडातून पाणी. पुन्हा उघडला, नवं पॅकिंग कापलं, पुन्हा तेच. परत द्यायला गेले, तेव्हा दुकानदार भरल्या दुकानात म्हणाला, आण्णा, माल चांगलाय, तुमचंच वय झालं, हात थरथरतो.

हे त्यांनी मला शेवटच्या भेटीत सांगितलं. ट्रॅक्टरशेजारी बाजेवर बसले होते, दोन्ही तळवे मांडीवर उताणे टाकून. मी तसाच दुकानाकडे निघालो, तर त्यांनी माझा शर्ट धरला. "नको, बाळ्या. त्यो खरंच बोलला आसंल. हात गेला माझा." पाने त्यांनी पोत्यात बांधून ठेवले होते. ते पुन्हा सोडले नाहीत.

दहाव्याला तो दुकानदार इंद्रायणीच्या घाटावर आला आणि तिथंही कुणाला तरी हळहळून तेच सांगत होता. वहिनी जवळच होत्या, म्हणून मी गप्प बसलो. घरी येऊन तो परत आलेला पंप घेतला, जोडाचं तोंड स्वच्छ खरवडलं आणि वर्कशॉपात नेऊन सपाट प्लेटवर पालथं ठेवलं. कडेखालून कागद सरळ आत गेला. तोंडच वाकडं होतं. ब्रह्मदेवाने बसवला असता, तरी तो पंप गळलाच असता.

दुकानात जाऊन त्याच्याच काचेच्या काउंटरवर पंप ठेवला आणि कागद सरकवून दाखवला. त्याने आजूबाजूला पाहिलं, आवाज उतरवला. "शेठ, दुसरा घेऊन जा ना. एक नंबर माल देतो, वर कूलंट माझ्याकडून." समोरचा नरमला की आणखी पिळायचं, याच धंद्यात माझे केस पिकले. त्या दिवशी मी पंप मागितला नाही, कूलंट मागितलं नाही. एकच गोष्ट मागितली, आणि नेमकी तीच तो द्यायला तयार नाही.

भरल्या दुकानात बोललास, घाटावर बोललास. आता आमच्या अंगणात ये. वहिनींसमोर, गावासमोर उभा राहा आणि सांग, की पंप खराब होता, आण्णांचा हात नाही. कधी येतोस, ते बोल.