आत्या आणि इतर

आमच्या छापखान्यात दोन प्रकारचा मजकूर निघायचा. लोकांच्या लग्नाचा आणि बाबांच्या डोक्यातला. रत्नागिरीत एका भाड्याच्या गाळ्यात आमचं छपाईचं यंत्र होतं, ट्रेडल. तिच्यावर सकाळी लग्नपत्रिका आणि दुपारी पत्रकं. एसटीच्या भाडेवाढीविरुद्ध, खाडीत सोडलेल्या घाणीविरुद्ध, एकदा तर सत्यनारायणाच्या लाउडस्पीकरविरुद्ध. ते शेवटचं पत्रक ज्या कागदावर छापलं, त्याच्या पाठीवर सत्यनारायणाचंच निमंत्रण होतं, कारण रद्दी वाया घालवणं बाबांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. शाळेतल्या निबंधात माझी गायसुद्धा बंधुभगिनींना जागं व्हायला सांगायची.

पत्रिकांची प्रुफं मात्र माझ्याकडे असत, त्यामुळे नावांचा क्रम या विषयात मी तज्ज्ञ होते. वर कुलदैवत. मग आजोबा, गेलेले असले तर ‘कै.’ लावून, पण वरच. मग काकामंडळी उतरत्या वयाने. आणि सगळ्यात खाली, बारीक टाइपात, ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी शेंबडी पोरं. एकदा एक मधले काका धाकट्याच्या खाली गेले, तर अख्खा गठ्ठा परत आला होता.

माझ्या स्वतःच्या आत्याने लग्न केलं नाही, त्यामुळे आम्हा पोरांचं पत्रिकेत यायचं राहिलं. ती मुंबईत संशोधन करायची, त्वचेच्या पेशींवर. मी दहावीला जायच्या आधीच्या मे महिन्यात ती लांज्याकडच्या काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघायला आली. काजूच्या टरफलात चीक असतो. तो लागला की कातडी जळते, काळी पडते, सोलून निघते. कारखान्यात आत्याला आत कोण घेणार? म्हणून तिथेच काम करणाऱ्या एका काकींनी सुट्टीच्या दिवशी सगळ्या बायकांना आपल्या पडवीत गोळा केलं. तक्ते भरायला मी होते.

“लिव नीट, गो,” काकी मला म्हणाल्या. “मानशी दोनच हात हायत. सायब चार हातांचा काम मागतंय, म्हणून चार नको लिवू.”

काकींची एक युक्ती होती. कामाला बसण्याआधी हाताला खोबरेल, त्यावर चुलीची चाळलेली राख, दुपारी धुऊन पुन्हा तेच. त्यांचे हात बाकीच्यांपेक्षा पुष्कळ बरे होते. आत्याने ते लिहून घेतलं, आणि ज्या चेहऱ्याने लिहून घेतलं त्यावरून मला कळलं की तिला मुंबईहून आणलेल्या मलमापेक्षा ते जास्त आवडलंय.

पुढच्या वर्षी छापलेला शोधनिबंध टपालाने आला. बाबा आणि मी शब्दकोश घेऊन बसलो. पण अडलो पहिल्याच पानावर. लेखकांची नावं सहा. पहिलं आत्याच्या हाताखालच्या विद्यार्थ्याचं, मग पुण्याचे कोणी, परदेशातले कोणी, आणि सगळ्यात शेवटी आत्या.

“शेवटी?” बाबा म्हणाले. “शेंबड्या पोरांच्या ओळीत?”

आणि काकी तर कुठेच नव्हत्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘काजू कामगार महिलांचे आभार’, एवढंच.

आमच्या घरात संतापाला वाट एकच होती आणि ती ट्रेडलमधून जायची. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘हात कोणाचे? नाव कोणाचे?’ त्यात त्या विद्यार्थ्याला मी बांडगूळ म्हटलं. ज्या बाईच्या पडवीत हे विज्ञान जन्मलं तिचं पूर्ण नाव, गाव, वाडी, सगळं ठळक टाइपात टाकलं. बाबांनी एक स्वल्पविराम बदलला आणि पाठ थोपटली. लांज्याच्या स्टँडवर आणि कारखान्याच्या फाटकाशी मी ते स्वतः वाटलं.

आठवड्याने आत्या आली. पत्रक तिच्या हातात होतं. बाबा तिचे मोठे भाऊ, पण ती थेट छापखान्यात शिरली आणि ट्रेडलच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडली, “दादा, हे यंत्र आधी बंद कर!”

“तुझ्यासाठीच लढतोय आम्ही,” बाबा ट्रेडल थांबवत म्हणाले.

“माझ्यासाठी? अरे, शेवटचं नाव घराच्या कर्त्याचं असतं! ज्याने राबून काम केलं तो पहिला, ज्याची प्रयोगशाळा तो शेवटी. सगळ्या जगात असंच असतं.”

“आम्हाला काय माहीत? जगाने आमच्याकडे पत्रिका छापायला दिली नाही कधी,” बाबा म्हणाले, पण हळू.

माझ्याकडे दुसरा मुद्दा शिल्लक होता. तो मी छाती पुढे काढून मांडला. “आणि काकींचं नाव?”

आत्या स्टुलावर बसली. “ते तिनेच नको म्हणून सांगितलं होतं, शहाणे. मालकाला कळलं तर कामावरून काढेल म्हणाली. म्हणून पडवी, म्हणून सुट्टीचा दिवस. तुला काय वाटलं, आपण सहलीला गेलो होतो?”

बाबांनी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा उचलून रद्दीत टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लांज्याची एसटी पकडून गेलो. काकी घरीच होत्या, भर कामाच्या दिवशी. म्हणजे जे व्हायचं ते झालं होतं. मालकाने माझं पत्रक घडी करून खिशात ठेवलं होतं म्हणे. काकींना बोलावून म्हणाला, “तुझं नाव छापून आलंय. एवढी मोठी बाई माझ्याकडे काजूची बी फोडायला कशाला बसते?” आणि दुसऱ्या बाईला त्यांच्या जागी बसवलं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. पण मला येत होती ती भाषा पत्रकांची, आणि पत्रकात माफी कधी छापली नव्हती. “काकी, मी...” एवढंच निघालं.

“रडू नको. आंदी च्या पी,” त्या म्हणाल्या. मग आत्याकडे वळल्या. “बाय, ता राखंचा लिवलंस काय कुठं?”

“ते अजून नाही. त्याची नीट तपासणी व्हायला हवी. सहा महिने लागतील, बायका लागतील.”

“बायका मी आणतंय. आणि आता घाल माजा नाव. आता मना कोण काढतंय?”

तपासणी वर्षभर चालली. काकी घरी बी आणून फोडायच्या, मिळेल तेव्हा. आत्या दर महिन्याला यायची, आणि मी तक्ते भरायचे, तोंड न उघडता. राखेने हात खरोखर कमी जळतात असं निघालं, पण निबंध पाठवताना एक अडचण आली. प्रत्येक लेखकाची संस्था लिहायची होती. आत्याने स्वतःची प्रयोगशाळा सुचवली.

“मी कदी पाय ठेवला तिकडं?” काकींनी विचारलं.

शेवटी ‘स्वतंत्र संशोधक, तालुका लांजा’ असं गेलं, आणि तसंच छापून आलं. पहिला तोच विद्यार्थी, जो बांडगूळ नव्हता. राख त्याने चाळणीने चाळून स्वतःच्या हातावर लावून बघितली होती. दुसरं नाव काकींचं. शेवटी आत्या.

त्यानंतर आत्याला एक खोड लागली. रत्नागिरीला आली की सायबर कॅफेत जाऊन आपल्या निबंधाचा कोणी कुठे उल्लेख केलाय का ते बघायचं. बाबा विचारायचे, “किती झाले?”

“चार. त्यातले दोन माझ्याच निबंधांत.”

बाबा हसले. मी हसले नाही. माझ्या पत्रकाचा एकच उल्लेख झाला होता आणि तो मालकाने केला होता.

मग एकदा खरोखरच बाहेरच्या देशातला उल्लेख सापडला, तिकडच्या काजू कामगारांवरच्या लेखात. मी ते पान छापून घेऊन काकींकडे गेले. ओळीवर बोट ठेवलं.

“ह्यात मी कुठं हाय?”

मी वाचून दाखवलं. विद्यार्थ्याचं आडनाव, आणि पुढे ‘आणि इतर’.

“म्हंजे मी इतर?”

“होय.” मला पुन्हा संताप येऊ लागला होता. एक मथळाही सुचला होता.

“आणि तुजी आत्या?”

“ती पण इतरांतच.”

काकी एवढ्या हसल्या की पडवीतली कोंबडी उठून गेली. “कर्ती बाय पण? मग ऱ्हावंदे. पंगत तरी एक झाली.” त्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आता ह्याचा पत्रक काडू नको, गो.”